मोटारीचं लिंबू

माझ्या गाडीचं लिंबू मी दोऱ्यानंच बांधतो, तारेनं नाही. का, ते ऐका.

नातीची पाठवणी माझ्या जुन्या मोटारीतून करायची ठरली होती. आदल्या दिवशी चावी फिरवली, तर इंजिन थंडगार आणि तापमानाचा काटा थेट लाल खुणेवर. पोरगा म्हणाला, "अण्णा, खुलताबादच्या घाटात बंद पडंल. भाड्याची गाडी आणतो."

"तू गप बस," म्हणालो आणि छावणीतून सलीम मिस्त्रीला आणलं.

त्यानं मीटर बदलला. काटा लालच. मग इंजिनवरच्या सेन्सरची वायर काढली, तर काटा खाली आला. परत लावली, वर गेला. "चचा, इथंच काहीतरी टेकतंय," म्हणत तो टॉर्च घेऊन आत वाकला.

आतून लिंबू-मिरची निघाली. ज्या तारेत ओवली होती तिचं एक टोक सेन्सरला लागलेलं, दुसरं पत्र्याला.

मी बायकोकडं पाहिलं.

"बाहेर बांधलं की तुम्ही तोडून फेकता," ती म्हणाली. "नातीचं लगीन. गाडीला नजर लागू नये म्हणून आत बांधलं."

सलीम म्हणाला, "चाची, नजर नाय लागली. लिंबू लागलं."

दुसऱ्या दिवशी लिंबू पुढं बंपरला होतं. मीच बांधलं.