एर्मेसचं कुलूप

निदिया : ...आणि आता तुम्हीही नाही म्हणालात, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, मायेस्त्रो? या डेपोतले जुने उस्ताद तुम्ही.

एवेलियो : कुणाच्याही बघा, बाई. मी कटर हातात धरणार नाही. बाकीच्यांनीही नाही म्हटलंय ना?

निदिया : झाडून सगळ्यांनी. एकाची पाठ धरलीय, एकाचं पोट बिघडलंय. सगळ्यांचं एकदमच.

एवेलियो : माझं काही दुखत नाही. मी सरळ सांगतो. ते एर्मेसचं कुलूप आहे.

निदिया : एर्मेसला दफन करून आठवडा झाला.

एवेलियो : कुलूप अजून लटकतंय ना त्या विजेच्या बसच्या मेन स्विचवर? त्याच्या फोटोसकट? ज्याचं कुलूप, तो माणूस गाडीच्या पोटात आहे असं धरायचं. त्याच्याशिवाय कुणी काढायचं नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं?

निदिया : मीच.

एवेलियो : जादाच्या किल्ल्या कुणी गटारात फेकल्या?

निदिया : मीच फेकल्या हो. सुपरवायझर आहे ना मी, अक्कल पाजळली. आता डोकं नका खाऊ. साहेबांचे फोनवर फोन चाललेत. उद्या गाडी सोआचाच्या रस्त्यावर पाहिजे म्हणतात. मी काय सांगू त्यांना? किल्ली मेलेल्या माणसाच्या खिशात आहे?

एवेलियो : त्याच्या बायकोला, रोसाल्बावहिनींना विचारलंत?

निदिया : काल गेले होते. गूळपाणी दिलं तिने, त्यात चीज बुडवून. मग म्हणाली, डांगरीच्या वरच्या खिशात, बटण लावून. त्याच डांगरीत निजवलाय त्याला. आता बसलाय दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात, वरून सिमेंट.

एवेलियो : त्याचीच तशी इच्छा होती. लग्नाचा सूट होता, पण पोट मावेना त्यात.

निदिया : हसताय काय?

एवेलियो : नाही हो. शुक्रवारी अर्धं काम टाकून गेला, म्हणाला, कुलूप राहू दे, माझ्या गाडीला कुणी हात लावू नका, सोमवारी येतो. आणि रविवारी सायकलवरून उतरला तो छाती धरूनच.

निदिया : साहेब म्हणतात, दोन मिनिटांचं काम. कापा आणि मोकळे व्हा.

एवेलियो : एप्रिलमध्येही दोन मिनिटांचंच होतं. मी बसच्या छतावर बॅटरीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला, आणि खाली एक शहाणा माझं कुलूप कापायला कटर घेऊन आला. एवेलियो कधीच घरी गेला म्हणे. तुम्ही आडव्या आलात म्हणून मी इथे बसून तुमच्याशी वाद घालतोय. डिझेलने नुसते हात काळे व्हायचे, बाई. ही वीज आवाजही करत नाही. आज मेलेल्याचं कुलूप कापलंत, तर उद्या कुणीतरी घाईत जिवंताचं कापेल. म्हणेल, तेव्हा नव्हतं का कापलं? मग मी कशाच्या भरवशावर आत हात घालू?

निदिया : मलाही तेच खातंय. सकाळी मी स्वतःच गेले होते कटर घेऊन. त्याच्या फोटोकडे बघितलं आणि परत आले. थकले मी, मायेस्त्रो. खरंच थकले.

एवेलियो : कॉफी घ्या. गार आहे.

निदिया : इथली गरम कधी असते?

एवेलियो : माणूस सापडलाच नाही तर काय करायचं, ते आहे ना नियमात?

निदिया : आहे. सगळी कामं थांबवायची, सगळ्यांना गाडीभोवती उभं करायचं. आत, खाली, छतावर शोधायचं. तीनदा नाव पुकारायचं. ओ आली नाही, तर सुपरवायझरने सर्वांदेखत कापायचं.

एवेलियो : मग तसंच करू. काही गाळायचं नाही.

निदिया : मेलेल्या माणसाला गाडीखाली शोधायचं? साहेब मला वेड्यात काढतील.

एवेलियो : काढू देत. खाली मी शिरतो.

निदिया : तुमचे गुडघे...

एवेलियो : गुडघे माझे आहेत. तुम्ही माणसं गोळा करा. पाठवाल्यालाही आणा.

(सगळे गाडीभोवती उभे राहतात. पत्र्यावर बारीक पाऊस.)

निदिया : खाली?

एवेलियो : खाली कुणी नाही. आतही बघितलं.

निदिया : छतावर?

एवेलियो : त्याचं फडकं आहे. तो नाही.

निदिया : एर्मेस तोवार.

एवेलियो : अजून मोठ्याने, बाई.

निदिया : एर्मेस तोवार, आत असशील तर ओ दे.

एवेलियो : एकदा राहिलं.

निदिया : माझ्याने नाही होत. तुम्ही पुकारा.

एवेलियो : एर्मेस. ये रे बाहेर. राहिलेलं आम्ही करतो.

निदिया : ...सगळ्यांनी बघितलं? कुणाची ओ नाही आली? मग कापते. (कुलूप तुटून खाली पडतं.)

एवेलियो : तो फोटो द्या इकडे. वहिनींना नेऊन देतो.

निदिया : घ्या. आणि मायेस्त्रो, रबरी हातमोजे नंतर. आधी तुमचं कुलूप.

एवेलियो : लावलं, बाई. किल्ली माझ्या खिशात आहे.