पाय जरा वर, काका!

...नाही, पण मला सांगा, पाय ही काय कुणाच्या तोंडासमोर धरायची वस्तू आहे? शिंपी माणूस मी, चाळीस वर्षं पायानं मशीन चालवली, पण पाय कसा, जमिनीवर! आणि त्या दिवशी काय, मी खाटेवर उताणा, सूनबाई मोबाईल घेऊन माझ्या पायाशी, आणि आतून शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणतायत, "काका, पाय जरा वर!"

साखर आहे हो मला, बारा वर्षांची. तळव्याला काही कळत नाही. अंगठ्याखाली जखम झालीय हे फरशीवरच्या डागावरून सूनबाईला कळलं, मला नाही! दवाखाना दोन गाड्या बदलून, म्हणून हे मोबाईलवरचं.

आता तुम्हाला सांगतो, परक्या बाईला पाय दाखवायचा तर काय तसाच दाखवायचा? मी सकाळीच साबणानं घासला, पावडर थापली, जखमेवर कापडाची गोल चकती चिकटवली... कडा दुमडून, अगदी मापात! बाई खूश. "छान दिसतोय की! काका, पाय जरा वर... वा!" म्हटलं, सुटलो. तर सूनबाई!

"मॅडम, काल असा नव्हता हो. बाबा, ती चकती काढा."

"अगं, आत्ताच बसवलीय!"

"बाबा!"

काढली. पलीकडून बाईंनी ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं. पुसलं, तर काळ्या कडेतून चमकलं काय? टाचणी! माझ्याच दुकानातली! किती दिवस ती पायात घेऊन मी मशीन मारत होतो, देव जाणे.

गावातल्या नर्सबाईंनी येऊन काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगठा राहील की जाईल, आज सांगत नाही. मशीन बंद. रोज तळव्याचा फोटो पाठवा. घरी तळवे कोण बघतं?"

आता... बघायची ती, आमची ही. रोज जेवणानंतर, चष्मा लावून, कुरकुर करत. दीड वर्ष झालं तिला जाऊन. मी म्हटलं, "कोणी नाही." सूनबाई म्हणाली, "मी बघते." मग मीच विचारलं, "बाई, पाय... जरा वर घेऊ का?"

तीन आठवडे रोज फोटो गेले. काल म्हणाल्या, अंगठा वाचला! पुढच्या आठवड्यात गावात तपासणी शिबिराला स्वतः येतायत. आनंद आहे हो, पण बाईंनी आजवर माझं तोंडच पाहिलेलं नाही! ओळख द्यायची म्हणजे भर गर्दीत चप्पल काढून उताणं पडणं आलं!