कासाबाईचं तरट

सकाळचे अकरा वाजले होते आणि नांदुऱ्यातल्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या फाटकाशी मी उभा होतो. कापूस चोरीला जाईल म्हणून झाडणाऱ्या बायांना आत थैला न्यायची बंदी होती. टोपलीने कचरा काढायचा तर वीस खेपा. म्हणून कासाबाईने आपल्या तरटाच्या चारी कडांना दोरी ओवली. तरट अंथरायचं, कचरा त्यावर लोटायचा, दोरी ओढली की झाला थैला.

तो खांद्यावर घेऊन ती निघाली, तर मॅनेजर आडवा आला. "आत जाताना थैला नव्हता. आता कुठून आला?"

"थैला नाही जी, तरट हाये. सकाळी तुमच्या समोरूनच नेलं."

"मले शिकवून राह्यली काय? हा थैलाच आहे!"

बाईने दोरी सोडली. फाटकातच तरट पसरलं. त्यावर माती, धूळ, वाळका पाला. कापूस चिमूटभरही नाही.

"पाहा साहेब. थैला कोठी हाये, दाखवा मले."

दरवान फिसकन हसला. तिथंच सगळं बिघडलं. फाटकात घाण केली म्हणून बाईला कामावरून काढलं आणि तरट पुरावा म्हणून ठेवून घेतलं!

"पुरावा कशाचा?" मी विचारलं.

"चौकशी होईल, पेपरवाले."

पंधरा दिवसांनी गेलो, तर प्रत्येक बाईकडे तसंच दोरीचं तरट. मॅनेजर म्हणाला, "आमची युक्ती आहे."

"मग कासाबाईला कामावर कधी घेता?"

त्याने चहा मागवला. तिचं तरट त्याच्या खुर्चीखाली पाय पुसायला अंथरलं होतं, दोरीसकट. कासाबाई अजून घरीच आहे.