खुराड्याला नांगर

हसा, हसा! तुमी काय पयले नाय हसलात. पनवेलच्या बंदरावर जो उतरतो तो आमच्या कोळीवाड्यात शिरतो, माज्या दारात थबकतो नि इचारतो, "काय रे कमळाकर, खुराड्याला होडीचा नांगर कशाला?" कशाला मंजे? मला काय हौस हाय? बसा इथं. उभ्या उभ्या समजनार नाय.

सुराज आलं त्याच्या दुसऱ्या वर्साला आमचा बाबा गेला, बुधाजी. त्याचा हात मंजे काय सांगू तुमाला, या खाडीतल्या निम्म्या होड्या त्यानं सांधलेल्या! मंग वाटनी झाली. थोरल्या दादूला काय? होडी. नि मला? खुराडा! मोडक्या होडीच्या फळ्यांचा, बाबानंच ठोकलेला, दार वरून, पेटीच्या झाकनासारखं. वर दादू मला बोलतो, "सागवान हाय रे कमळ्या, नशीबवान हायस!" नशीबवान? आता त्या सागवानात बसून मी जाळं टाकू काय?

दोन वर्सं त्या खुराड्याकडं बघितलं नाय मी. रागच व्हता तसा. पन मैनाच्या, मंजे माज्या बायकोच्या आयेनं करंज्याहून कोंबड्या धाडल्या... कशा कोंबड्या! तांबड्या, गुबगुबीत, नि वर एक कोंबडा, त्याचा तुरा बघितला तर फेटा बांधलाय वाटेल. नि सांगावा काय? "जावयाला सांग, पोरींसारख्या वाडवल्यात. एक जरी गेली, तर मला तोंड दाखवू नको!" झालं! त्या दिवशी मी खुराडा उघडला.

उघडतो तर काय, तळाला भोकं! कुजून पडलेली नाय, गिरमिटानं पाडलेली, अंगठा जाईल येवढी, वळीनं! खाडी आमच्या दारापासून हाकेवर, आवसेचं उधान आलं की पानी अंगनात, नि बुधाजी कोळ्याच्या कामाला भोकं? गोदूआत्या, बाबाची भैन, तिथं वट्यावर तंबाखू मळत व्हती. बोल्ली, "कमळ्या, भोकं असू दे. तुजा बाबा येडा नव्हता." अगं, मंग का ते सांग की! तर नाय. तोंडात तंबाखू!

मी बुजवली. सगळी बुजवली! लाकडी खुंट्या मारल्या, फटीफटीत कापूस ठासला, माशाच्या तेलात राळ कडवली नि दोन हात दिले. बाबा होडीला द्यायचा तस्सेच. वासानं अख्ख्या कोळीवाड्याची मांजरं माज्या अंगनात सभेला! मैना नाकाला पदर लावून बोल्ली, "अवो, कोंबड्यांचं घर करताय का मुंबैला जायचा मचवा?" मी बोल्लो, तू गप. वर हवेला जाळी ठेवलीय, पन खालून? थेंबभर पानी आत जानार नाय! दादू येऊन बघून गेला, टिचकी मारून गेला, हसून गेला. मी बोल्लो, हस तू. थेंबभर पानी आत जानार नाय!

नि आली की आवस. उजाडता उजाडता मैनानं बोंब ठोकली, "अवो, खुराडा चालला!" चालला मंजे? खुराड्याला काय पाय हायत? बाहेर येतो तर... अंगनात कमरभर पानी, नि माजा खुराडा खाडीच्या तोंडाला लागलेला! सरळ! डुलत! नि जाळीतून कोंबडा आरवतोय, होडीवरच्या तांडेलासारखा! मैना ऊर बडवतेय, "माज्या आयेच्या कोंबड्या!" नि मी... खरं सांगू? मला रडायला पायजे व्हतं. पन माज्या तोंडातून निघालं, "बघ, बघ कसा तरतोय!"

मंग दादूनं होडी सोडली. बाबाची होडी, वाटनीतली! मी वल्हं मारतोय नि दादू डब्यानं पानी उपसतोय, वर्सभर राळ नव्हती ना लावली साहेबानं. गाठला खुराडा, दोर टाकला, वळलो... नि होडीनं दम सोडला. गुडघाभर, मांडीभर, बुडाली! दोघं भाऊ पान्यात, नि धरायला काय? खुराडा! एका अंगाला दादू, एका अंगाला मी, वर कोंबडा आरवतोय, नि उधानाच्या पान्यानं आमाला ढकलत ढकलत काठाला आनलं. सगळा कोळीवाडा वट्यांवर. सगळा!

मैनानं झाकन उघडलं. कोंबड्या मोजल्या, सगळ्या हायत. दादूनं आत हात घातला, तळ चाचपला. कोरडा! पेंढा कोरडा, नि पेंढ्यात एक अंडं, ऊन ऊन! थेंबभर पानी आत नाय! दादूनं ओल्या हातानं माजी मान धरली नि बोल्ला, "कमळ्या, होडी मला दिली बाबानं. हात तुला दिला रे." तुमाला सांगतो, लाज नाय मला, सगळ्यांसमोर रडलो मी.

तेवढ्यात गोदूआत्या पचकन थुंकली. आता तिला वाचा फुटली! "अरे बाबा, भोकं यासाठीच तर व्हती. उधानाचं पानी आत शिरतं, खुराडा जड होऊन जाग्यावर बसतो, कोंबड्या वरच्या दांडीवर बसतात. पानी उतरलं की आपसूक निघून जातं." नि मैनानं लगेच माज्या हातात गिरमिट दिलं. "पाडा भोकं."

भोकं? माज्या हातानं? ज्या कामापुढं दादूची मान लवली त्याला भोकं? जीव गेला तरी नाय! सासू येऊन बसली तरी नाय! थेंबभर पानी आत जानार नाय मंजे नाय!

मंग करनार काय? मी दादूला बोल्लो, तुजा नांगर दे. तो बोल्ला, "ने बाबा. माजी होडी गाळात रुतलीय, ती आता कुठं जातेय!"