सान्याचं मुखत्यारपत्र

मृत्युपत्र म्हटलं की हसता ना? मग ऐका. रियाधला ऑफिसात माझ्या शेजारी साने बसायचा. ठाण्याचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. मी म्हटलं, "मृत्युपत्र कर." तर म्हणे, "अभद्र बोलू नकोस. बायकोला मुखत्यारपत्र दिलंय, एम्बसीच्या शिक्क्याचं. उद्या मेलो तरी फ्लॅट तिचाच."

पुढच्याच रमजानात तो खुर्चीतच गेला. प्रेत घरी पाठवायला वारसांचं मुखत्यारपत्र लागतं, म्हणून मी वहिनींना फोन केला.

"आहे की! ह्यांनीच करून दिलंय."

"वहिनी, देणारा गेला की ते खलास. आता तुम्ही आणि सासूबाईंनी मला द्यायचं."

"मग फ्लॅट?"

"त्यालाही सासूबाईंची सही लागेल."

सासूबाईंनी प्रेताच्या कागदावर लगेच सही केली. फ्लॅटच्या कागदावर अजून केलेली नाही.