भिक्खू निवासाच्या गाद्या

मी, ज्याला गल्लीत सगळे गादीवाले म्हणतात तो, वय एकसष्ट, धंदा गाद्या भरण्याचा, राहणार विहाराच्या मागच्या गल्लीत दुकानावरच्या खोलीत, पत्नी मयत, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

विहारातलं भिक्खू निवास पत्र्याचं होतं आणि गळत होतं. ते पाडून पक्क्या खोल्या बांधायचं वस्तीनं ठरवलं. कोणी विटा दिल्या, कोणी दारं दिली, गवंड्यानं मजुरी सोडली. गाद्यांसाठी घरोघरच्या जुन्या गाद्या मागवल्या. दान म्हटलं की माणूस आधी अडगळ काढतो, तशाच आल्या. त्या उसवून, कापूस पिंजून नव्या भरून देतो, असं मी कबूल केलं.

त्यात एक माझ्या घरची होती. बायको आजारपणात तिच्यावरच होती आणि तिच्यावरच गेली. ती गादी घरात असताना मला झोप येत नव्हती, म्हणून दिली. दानाचा कापूस आम्ही घरवार वेगळा ठेवत नाही. सगळा एकत्र पिंजतो, म्हणजे कोणाच्याच वाट्याला वाईट गादी येत नाही. याही वेळी तसंच केलं.

खोल्यांत राहणं सुरू झाल्यावर मोठे भन्ते दुकानात आले. म्हणाले, "गादीवाले, झोप छान लागते, पण झोपेत एक बाई येते." मी हसलो. ते हसले नाहीत. बाई पायथ्याशी बसते, तिच्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान असतं. गादी चाचपून म्हणते, "परत कोपरा रिकामा ठेवलाय." मग विचारते, "आमचे हे आलेत का?" हेच बाकीच्या भन्तेंना, हेच परगावच्या पाहुण्याला, ज्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

गादीला टाके माझी बायको घालायची. कोपऱ्यांवरून ती माझ्याशी जन्मभर भांडली.

भन्ते म्हणाले, "तुम्हालाच शोधताहेत त्या. येऊन झोपा." मी रोज दुपारी जाऊन एकेका गादीवर झोपलो. गाढ झोप लागली, बाकी काही नाही. साऱ्या जगाला दिसते आणि मला दिसत नाही, याचा मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

काल सगळे भन्ते बाहेर गेलेले असताना मी गाद्या अंगणात आणून उसवल्या. तिचा कापूस वेगळा काढायचा होता. एकदा पिंजलेला कापूस वेगळा होत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. तरी मूठमूठ हुंगत बसलो. वारा सुटला आणि कापूस गल्लीभर झाला. विहाराचे चिटणीस मास्तर धावत आले. म्हणाले, "डोकं फिरलं का तुमचं? लोकांच्या दानाची माती केलीत." ते खरं आहे. त्यांनी तक्रार दिली त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आज सकाळी समोरची शिंपीण म्हणाली, "काका, जरा डोळा लागला तर काकू आल्या होत्या. तुम्हाला विचारत होत्या." तिच्या केसांत कापूस होता.

आपले हवालदार पंचनाम्याला अंगणात आले, तेव्हा त्यांच्याही खांद्याला कापूस लागला. जेवण झाल्यावर ते इथे ठाण्यातल्या बाकावर पडले. उठून मला म्हणाले, "काका, बाहेर तुमच्या घरचं कोणी आलंय का? बाई आहेत." मी बाहेर जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. हे लिहायला हवालदार तयार नव्हते. साहेबांनी लिहा म्हटलं म्हणून लिहिलं.

मास्तरांनी तक्रार मागे घेतली असून मला घरी जायला सांगितलं आहे. मी गाद्या भरून देईन, कोपऱ्यांसकट. पण आज घरी जात नाही. तिथं ती कोणाला विचारणार? हवालदारांनी खांद्यावरचा कापूस झटकू नये, आणि ती पुन्हा आली तर मी इथेच बाकावर बसलो आहे असं तिला सांगावं.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच आहे. 'पत्नी मयत' हेही तसंच राहू द्यावं. यापुढचं मी माझ्या हातानं लिहितो आहे.

वाचता वाचता हवालदारांचा डोळा लागला आहे. त्यांना कोणी उठवू नये.