सायबानं हातानं लिहिलेली चार पानं

सांगलीच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बसले होते. तो आटपाडीचा रेडिओ मेकॅनिक, ती इंजिनिअरिंगला.

“आबा, माझ्या प्रोजेक्टातल्या पावर सप्लायच्या तीन चिपा जळाल्या. एकच उरलीय, आन सोमवारी परीक्षा हाय.”

“मग टपालानं आलेल्या ह्या चार कागदांनी काय व्हनार?”

“ह्यात त्या चिपचं सगळं वागणं गणितात मांडलंय. कॉम्प्युटरात घातलं, की चिप न जाळता चूक कळती.”

“आन हे अमेरिकेच्या सायबानं हातानं लिवलं? तुझ्यासाठनं?”

“त्यो चिप बनवणाऱ्या कंपनीतला. तिथं हे तयार नव्हतं. मी पत्र धाडलं, म्हणून त्यानं बसून लिवलं.”

“ना वळख, ना पाळख!”

“शेवटी म्हणतोय, ‘माझं कुठं चुकलं असंल तर कळव.’”

“तू? त्येला?”

“व्हय. आबा, उठा, आटपाडी लागली.”

“जाऊ दे गं ती गाडी. शेवटची ओळ परत वाच.”